माप

सकाळी बूट होत नाहीत.
दुपारी ब्राइसच्या सपाताही होत नाहीत.
संध्याकाळी मी अनवाणीच,
माल्पिकाच्या धक्क्यावरच्या शेडमध्ये,
पाय उलट्या क्रेटवर,
टाचांखाली कुणाचा तरी घडी घातलेला रेनकोट.

चौतिसावा आठवडा.
घोटे गेले.
म्हणजे गेले कुठं नाहीत, आतच आहेत,
भरतीत बुडालेल्या खडकांसारखे.
नावाड्यांना ठाऊक असतं खडक कुठं आहेत ते,
मला नाही.

नोएलिया, आमची सुईण,
नडगीवर अंगठा दाबते, उचलते, मोजते.
खळगा पडलेला.
एक, दोन, तीन, चार,
ओल्या वाळूतल्या पावलासारखा
तो सावकाश भरून येतो.
"रक्तदाब ठीक आहे. डाव्या कुशीवर झोप.
सूज आहे म्हणून पाणी तोडू नकोस.
पण तोंड सुजलं, डोकं ठणकलं,
डोळ्यांपुढे काजवे चमकले,
तर सकाळ व्हायची वाट बघू नकोस. मला उठव."
आणि काम? मी विचारते.
ती खिडकीबाहेर बघते.
तिची आईही जाळी दुरुस्त करायची.

काम म्हणजे
पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवायचं,
ताण द्यायचा,
फाटलेल्या जागी पुन्हा डोळा डोळा भरत जायचं.
माझा अंगठा आता ताण धरत नाही.
मी जाळं खुर्चीच्या पायाला बांधलंय.
खुर्चीला सूज येत नाही.

हातांची तऱ्हा वेगळी.
पहाटे मूठ वळत नाही.
हिरवी प्लास्टिकची सुई धरली
की मनगटातून मुंग्या निघतात,
अंगठा, तर्जनी, मधलं बोट.
करंगळीकडे फिरकत नाहीत,
का ते त्यांनाच माहीत.

मंगळवारी अंगठी रुतली.
बोट वांग्याच्या रंगाचं.
शेडमध्ये आम्ही चौघी, सल्ले पाच:
साबण लाव, तेल लाव, बर्फात बुडव,
हात डोक्यावर धर, कापून टाक.
दोसिंदा एकटी गप्प.
तिनं बारीक नायलॉनचा दोरा घेतला,
एक टोक अंगठीखालून सरकवलं,
उरलेला बोटाला गुंडाळत नेला
वेढ्याला वेढा भिडवून, पेराच्या पलीकडपर्यंत.
मग खालचं टोक धरून
उलगडायला लागली.
एकेक वेढा चढत
अंगठी वर आली,
आधी माझ्या डोळ्यांतलं पाणी, मग ती.

"माझ्या वेळी हे कुणाला सुचलं नाही," ती म्हणाली,
"कानशीनं कापली.
तो म्हणाला, अपशकुन.
कसला अपशकुन! पोरगा झाला, चार किलोचा."
नवऱ्याबद्दल ती पुढं बोलली नाही.
आम्हीही सुया हातात घेतल्या.

रात्री ब्राइसचा फोन,
आयर्लंडच्या पश्चिमेकडून, वाऱ्यासकट.
कशी आहेस?
तुला काढून ठेवलंय, मी म्हटलं.
दोन सेकंद नुसता समुद्र.
मग: कुठं ठेवलंयस?
स्वयंपाकघरात, मिठाच्या डब्यावरच्या खिळ्याला.
हं, म्हणाला. मिठाजवळ ना. चालेल.

फोन ठेवून मी पाय भिंतीला उभे लावले
आणि जमिनीवर आडवी झाले.
आतल्यानंही लगेच पाय लावले,
बरगडीला.
बराच वेळ आम्ही दोघं तशीच,
आपापल्या भिंतींशी.

फाटलेला डोळा आमच्याकडे बोटांनीच मोजतात,
पट्टी काय ती तपासनिसाची.
या आठवड्यात माझी बोटं जाड,
म्हणून माझे डोळेही जरा मोठे पडलेत.
दोसिंदानं पाहिलं.
वाटलं, आता उसवायला लावणार.
तिनं त्यात आपली चार बोटं घातली, फिरवली, काढली,
आणि जाळं पुढं ओढलं.
"सुटतील थोडी बारकी.
सुटू देत.
तू आधी पाय वर घे."